थर्मोस्टॅटचं हाउसिंग फुटलं म्हणजे

गेल्या अंकात रेडिएटरच्या झाकणाबद्दल लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांत झाकणाविषयी थोडं आणि थर्मोस्टॅटच्या हाउसिंगविषयी फार, असं दिसलं. ते साहजिक आहे. झाकण दाब धरून ठेवतं, आणि तो दाब ज्या जागांतून पहिल्यांदा वाट काढतो त्यांत हे हाउसिंग बरंच पुढे असतं. म्हणून हा अंक त्याच्यासाठी. ज्यांनी ते अजून पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी एवढंच: रेडिएटरचा वरचा जाड होज, म्हणजे रबरी पाइप, इंजिनच्या बाजूला जिथे संपतो, तिथे बहुतेक गाड्यांत दोन-तीन बोल्टवर बसवलेला एक बाकदार तुकडा असतो. तेच हाउसिंग. थर्मोस्टॅट, म्हणजे कूलंट (इंजिन गार ठेवणारं द्रव) तापलं की त्याला रेडिएटरची वाट उघडून देणारी झडप, त्याच्या पोटात असतो. काही इंजिनांत हे सगळं खालच्या होजच्या टोकाला, वॉटर पंपाच्या शेजारी असतं. वर सापडलं नाही तर खालचा होज धरून इंजिनपर्यंत जा.

प्रश्न : काका, माझ्या गाडीचं हाउसिंग प्लास्टिकचं आहे आणि बोल्टच्या कानापासून, म्हणजे बोल्ट जातो त्या भोकाच्या कडेपासून, एक बारीक चीर गेली आहे. इंजिन गरम झालं की गुलाबी थेंब दिसतात, गार झालं की काहीच नाही. गॅरेजमधला मुलगा म्हणतो, एपॉक्सी भरून देतो, दोन वर्षं बघायला नको. भरून घेऊ की बदलू?

उत्तर : बदला. आणि बदलेपर्यंत लांबचा प्रवास करू नका.

गार असताना थेंब नाही, गरम झाल्यावर आहे, यातच सगळं आलं. गार इंजिनात कूलिंगच्या यंत्रणेत दाब जवळजवळ नसतोच. इंजिन तापलं की कूलंट फुगतं, झाकण त्याला अडवतं आणि आतला दाब वाढत जाऊन साधारण एक बारपर्यंत पोचतो. हा दाब मुद्दाम ठेवलेला आहे. निम्मं पाणी आणि निम्मं ग्लायकॉल असं मिश्रण उघड्यावर १०७ अंश सेल्सियसच्या आसपास उकळतं; एक बारचं झाकण लावलं की तेच मिश्रण १२५ अंश ओलांडेपर्यंत उकळत नाही. प्रेशर कुकरचं तत्त्व तेच. तुमच्या चिरेतून थेंब येतो म्हणजे नुसतं कूलंट जात नाही, दाबही जातो, आणि दाब गेला की कूलंट लवकर उकळतं. चढावर किंवा रहदारीत अडकल्यावर नेमका त्याच वेळी त्रास होतो.

आता एपॉक्सीचं. ही हाउसिंग बहुतेक काचेचे तंतू घातलेल्या नायलॉनची असतात. नायलॉनवर एपॉक्सी मुळातच नीट धरत नाही, आणि तुमचं नायलॉन तर इतकी वर्षं गरम ग्लायकॉलमध्ये भिजलेलं आहे. वरून कितीही घासलंत तरी चिरेच्या आतल्या भिंतींवरचा तो ओलावा निघत नाही. शिवाय चीर बाहेरून बोटभर दिसत असली तर आतून ती आणखी पुढे गेलेली असण्याचीच शक्यता जास्त. गाडी रोज तापते आणि रोज गार होते. दोन्ही पदार्थ वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात, आणि जोड त्याच जागी सुटतो. मला जास्त काळजी दुसऱ्याच गोष्टीची वाटते. ठिगळ लावलेलं हाउसिंग सहसा पुन्हा थेंबाथेंबाने गळत नाही, कान तुटून एकदम सुटतं. मग पाच मिनिटांत सगळं कूलंट रस्त्यावर.

पण बदलण्याआधी एक काम करा, आणि हे प्रत्येकालाच सांगतो आहे. जुनं हाउसिंग फेकू नका. हातात घ्या, उजेडात धरा आणि चीर कुठून सुरू झाली ते बघा. बोल्टच्या कानापासून निघाली असेल तर कुणीतरी बोल्ट जास्त आवळला आहे, किंवा खालचा पृष्ठभाग सपाट नाही, किंवा कानाच्या भोकातली पितळी वा लोखंडी बुशी (छोटी नळकांडी) मागच्या कामात हरवली आहे. ही बुशी बोल्टचा भार प्लास्टिकवर येऊ देत नाही. ती नसेल तर बरोबर ताकदीने आवळलेला बोल्टसुद्धा कान फोडतो. होज चढवतो त्या नळीवर गोल चीर असेल तर क्लिप जास्त आवळली आहे, किंवा होज काढताना कुणीतरी स्क्रूड्रायव्हर घालून उचकटलं आहे. तिथे चीर असेल तर इंजिनचे माउंट, म्हणजे इंजिन ज्यावर बसतं ते रबरी आधारही बघा. माउंट बसला असला की प्रत्येक झटक्याला इंजिन हलतं, होज ओढला जातो आणि त्याचा हिसका त्या नळीला बसतो. साच्याच्या सांध्याच्या रेषेवरून, लांबलचक, सरळ चीर असेल तर ते वयाचं आणि उष्णतेचं काम. अशा हाउसिंगचा तुकडा बोटांत दाबला तर वाळल्या खापरीसारखा कट्‌कन मोडतो. आणि आतल्या बाजूला तपकिरी गाळ किंवा पांढरे पापुद्रे असतील, तर गाडीत कधीतरी नुसतं पाणी भरत आले आहेत असं समजा.

कारण कळल्याशिवाय नवीन हाउसिंग बसवलं तर तेही त्याच जागी जाईल. तुमची चीर कानापासून आहे, म्हणून बुशी आणि पृष्ठभाग या दोन गोष्टी आधी बघा.

प्रश्न : मी घरी छोटी-मोठी कामं करते. ब्रेक पॅड, बॅटरी, फिल्टर स्वतः बदलले आहेत. हाउसिंगही स्वतः बदलायचं आहे. काय सांभाळायचं?

उत्तर : ब्रेक पॅड बदलणाऱ्या माणसाला हे काम जमण्यासारखं आहे. मात्र आधी हात घालून बघा की हाउसिंगपर्यंत पाना पोचतो का. काही इंजिनांत ते समोरच असतं आणि तासाभराचं काम. काहींत इनटेक मॅनिफोल्ड (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांचा जोड) उतरवल्याशिवाय शेवटचा बोल्ट दिसतसुद्धा नाही. दुसऱ्या प्रकारचं असेल तर पहिलं काम म्हणून ते घेऊ नका.

इंजिन पूर्ण गार हवं. हात लावून "गार वाटतंय" असं नव्हे, रात्रभर उभी असलेली गाडी. गरम रेडिएटरचं झाकण उघडलं की दाब एकदम जातो, कूलंट त्याच क्षणी उकळून वर उसळतं, आणि ते अंगावर आलं की पाण्यासारखं लगेच ओघळून जात नाही. याबाबतीत मी कुणालाही सवलत देत नाही.

खाली रुंद परात किंवा टब ठेवून रेडिएटरचं कूलंट काढा. हाउसिंगच्या पातळीखाली आलं तरी पुरे. ते जपून धरा, गटारात किंवा मातीत ओतू नका. इथिलीन ग्लायकॉल विषारी आहे, चवीला गोड लागतं, आणि कुत्री-मांजरं ते चाटतात. सांडलेलं लगेच पुसून, पाणी मारून धुऊन टाका. हाउसिंगच्या खाली अल्टरनेटर किंवा बेल्ट असेल तर त्यावर प्लास्टिकची पिशवी आणि फडकं टाकून ठेवा.

होज काढताना तो ओढू नका. क्लिप मागे सरकवून होज हाताने थोडा पिळा, म्हणजे नळीवर फिरवा. चिकटलेली जागा सुटली की तो आपोआप येतो. अजिबात सुटला नाही आणि होज जुना, कडक झालेला असेल, तर टोकाला ब्लेडने उभा काप देऊन काढा आणि नवीन होज आणा. नळी वाचवायची, होज नव्हे.

आता बोल्ट. इथे घाई केली की तासाचं काम दोन दिवसांचं होतं. हे बोल्ट बहुधा एम ६ मापाचे, दहा मिलिमीटर डोक्याचे असतात. लोखंडी बोल्ट ॲल्युमिनियममध्ये वर्षानुवर्षं बसलेला असतो, आजूबाजूला कूलंट झिरपलेलं असतं, आणि आट्यांत पांढरी भुकटी जमून तो जाम होतो. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. सकाळी पाना लावल्यावर आधी किंचित आवळण्याच्या दिशेने जोर द्या. बारीक "टक्" असा आवाज येतो, तो गंज फुटल्याचा. मग उलटा फिरवा. पाव आटा सोडवा, परत थोडा आवळा, परत सोडवा. हाताला बोल्ट रबरासारखा पिळल्यासारखा वाटला, म्हणजे डोकं फिरतंय आणि आटे हलत नाहीत असं वाटलं, तर तिथेच थांबा. पुढचा जोर तो तोडणार. तेल पुन्हा मारा, ॲल्युमिनियमच्या बाजूला हीट गनने ऊब द्या. ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळपास दुप्पट फुगतं, त्यामुळे बोल्टभोवतीची पकड सैल होते. एवढं करूनही तुटलाच, तर एक्स्ट्रॅक्टर (तुटलेला बोल्ट काढायचं हत्यार) घालून स्वतः खेळू नका. एक्स्ट्रॅक्टर अतिशय कडक पोलादाचा असतो. तो आत मोडला तर साध्या ड्रिलने निघत नाही. हे मशीन शॉपवाल्याकडे द्या. तो बोल्ट काढून भोकात हेलिकॉइल, म्हणजे नवे आटे देणारी तारेची गुंडाळी, बसवून देईल.

हाउसिंग निघाल्यावर थर्मोस्टॅट कसा बसला होता त्याचा फोटो काढा. कोणती बाजू इंजिनकडे, तो छोटा हलणारा झडपवजा खिळा कुठे. मेण भरलेला पितळी गोळा आणि स्प्रिंग सहसा इंजिनकडे असतात, कारण त्या गोळ्यालाच इंजिनची उष्णता लागायला हवी. हलणारा खिळा असेल तर तो वरच्या बाजूला ठेवायचा, त्यातून हवा निघते. उलटा थर्मोस्टॅट वेळेवर उघडत नाही आणि नवीन हाउसिंग बसवलेली गाडी पहिल्याच फेरीत तापते.

नवीन थर्मोस्टॅट बरोबरच घ्या. जुना चालत असला तरी. तो बाहेर काढायला हाच सगळा खटाटोप पुन्हा करावा लागतो. त्यावर उघडण्याचं तापमान कोरलेलं असतं, ८२, ८८, ९२ असं काहीतरी; तुमच्या गाडीला सांगितलेलंच घ्या. "कमी अंशाचा घातला तर इंजिन थंड राहील" असं सांगणारे भेटतात. थर्मोस्टॅट पूर्ण उघडल्यावर इंजिन किती थंड राहील ते रेडिएटर आणि पंखा ठरवतात, तो आकडा नव्हे. हवं तर बसवण्याआधी नवीन थर्मोस्टॅट तपासून घ्या: झडपेत दोरा अडकवून भांड्यातल्या पाण्यात लटकवा, थर्मामीटर ठेवा, पाणी तापवा. सांगितलेल्या तापमानाच्या आसपास झडप दोऱ्यावरून सुटून तो खाली पडला पाहिजे. नंतर आणखी दहा-पंधरा अंश वर गेल्यावर झडप पूर्ण उघडते.

आता या कामाचा जीव: इंजिनकडचा पृष्ठभाग. जुनं पॅकिंग आणि सिलंट प्लास्टिकच्या किंवा लाकडाच्या पट्टीने खरवडा. ॲल्युमिनियमवर पोलादी स्क्रेपरचा ओरखडा उठला की कूलंट त्या ओरखड्यातूनच वाट काढतं. भोकात आधी चिंधी कोंबा म्हणजे कचरा आत जाणार नाही, आणि नंतर ती चिंधी काढायची लक्षात ठेवा. पांढरी पुटं बारीक पॉलिश पेपरने, सपाट ठोकळ्यावर गुंडाळून, हलकेच काढा. शेवटी बोटाच्या टोकाने सगळी कडा फिरून बघा. डोळ्यांना न दिसणारा खड्डा नखाला कळतो.

ओ-रिंग (जोडातली गोल रबरी रिंग) असेल तर तिथे सिलंट नको. नवीन ओ-रिंगला थोडं कूलंट किंवा सिलिकॉन ग्रीस लावा आणि खाचेत बसवा. साधं पेट्रोलियमचं ग्रीस लावू नका. कूलंटच्या रिंगा ज्या रबराच्या असतात, ते त्याने फुगतं. कागदी गॅस्केट असेल तर कोरडंच बसवा, गाडीच्या पुस्तकात सिलंट सांगितलं असेल तरच लावा. आणि जिथे गॅस्केट नाही, फक्त सिलंट सांगितलं आहे, तिथे बारीक सलग रेघ पुरते. बाहेर जेवढं ओघळतं तेवढंच आतही ओघळतं, आणि आतला तुकडा सुटून रेडिएटरच्या बारीक नळ्यांत जाऊन बसतो. सिलंट पूर्ण वाळेपर्यंत कूलंट भरू नका. ट्यूबवर वेळ लिहिलेली असते.

बोल्ट आधी सगळे हाताने लावा, मग थोडे-थोडे आळीपाळीने आवळा. एम ६ बोल्टला सहसा आठ ते दहा न्यूटन-मीटरच लागतात. अखेरचा शब्द तुमच्या गाडीच्या पुस्तकाचा. लांब पान्याने हे कळत नाही. छोटा टॉर्क पाना (किती जोराने आवळलं ते दाखवणारा) मागून आणा. प्लास्टिकचे कान फुटतात ते इथेच.

प्रश्न : हाउसिंग नवीन, ओ-रिंग नवीन, तरी महिनाभरात तिथूनच ओल दिसते आहे. भाग खराब निघाला असेल का?

उत्तर : असेलही, पण आधी खात्री करा की गळती तिथलीच आहे. होजच्या क्लिपखालून निघालेलं कूलंट नळीवरून घरंगळत जोडावर येतं आणि दोष हाउसिंगला लागतो. गार इंजिनावर झाकणाच्या जागी प्रेशर टेस्टर लावा, झाकणावर लिहिला आहे तेवढाच दाब हातपंपाने द्या आणि दहा-पंधरा मिनिटं विजेरी घेऊन बघत उभे राहा. कोरड्या कापसाने किंवा टिश्यूने एकेक जागा टिपत जा. जिथे कागद ओला, तिथून गळती. हा टेस्टर बहुतेक गॅरेजांत असतो.

खरंच जोडातून येत असेल तर हाउसिंग उतरवून ओ-रिंग बघा. चांगल्या बसलेल्या रिंगेवर सगळीकडे सारखा सपाट पट्टा उमटतो. एका बाजूला पट्टा रुंद आणि दुसरीकडे जवळजवळ नाहीच, तर कान वेडावाकडा आवळला गेला आहे किंवा इंजिनकडचा पृष्ठभाग वाकडा आहे. पोलादी पट्टी उभी धरून खालून फिलर गेज (फट मोजायची पातळ पाती) घालून बघा. रिंग एका ठिकाणी चेपून कापली गेली असेल तर ती बसवताना खाचेबाहेर आली होती.

आणि या सगळ्यात काहीच सापडलं नाही, पण गाडी सुरू केल्याकेल्या, इंजिन गरम व्हायच्या आतच होज दगडासारखा कडक होत असेल, तर हाउसिंगला दोष देणं सोडा. ज्वलनाचा वायू हेड गॅस्केटमधून (इंजिनचा ब्लॉक आणि वरचं हेड यांमधलं पॅकिंग) कूलंटमध्ये येतो आहे का, ते तपासा. रेडिएटरच्या तोंडावर निळं द्रव भरलेली नळी धरतात. पेट्रोल इंजिनात वायू येत असेल तर ते पिवळं पडतं. स्वस्त आणि निर्णायक चाचणी आहे.

प्रश्न : माझ्या मेकॅनिकने सांगितलं, "थर्मोस्टॅटच काढून टाकू, मग हाउसिंगवर ताण येणार नाही आणि गाडी कधी तापणार नाही." हे खरं आहे का?

उत्तर : दोन्ही खरं नाही. हाउसिंगवरचा ताण दाबामुळे आणि उष्णतेमुळे येतो. थर्मोस्टॅट काढल्याने झाकणाचा दाब कमी होत नाही.

हा सल्ला इतका सर्रास दिला जातो की थोडं सविस्तर लिहितो. थर्मोस्टॅट हा कूलंटचा अडथळा नाही, तो तापमान राखणारा आहे. आतलं मेण वितळून फुगतं, दांडा ढकलतं, झडप उघडते. गार झालं की स्प्रिंग झडप मिटवते. मेणाचा हा घटक सर्जियस व्हर्ने यांनी १९३०च्या दशकात आणला. त्याआधी अल्कोहोलसारख्या द्रवाने भरलेले धातूचे भाते वापरत, पण त्यांच्यावर बाहेरच्या दाबाचा परिणाम होई. मेण ज्या जोराने ढकलतं त्यापुढे हा दाब काहीच नाही, म्हणूनच दाबाखाली चालणाऱ्या यंत्रणेत तो टिकला.

थर्मोस्टॅट नसेल तर इंजिन गरम व्हायला फार वेळ घेतं. तोवर कंट्रोल युनिट इंजिन गारच समजून पेट्रोल जास्त देत राहतं, ते सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल धुतं, तेलात उतरतं, आणि झीज वाढते. अनेक गाड्यांत काही दिवसांतच इंजिनचा दिवा लागतो आणि पी ०१२८ हा कोड येतो, म्हणजे कूलंट अपेक्षित तापमानापर्यंत पोचत नाही.

"कधी तापणार नाही" हेही चूक कसं, ते बघा. पुष्कळ इंजिनांत थर्मोस्टॅटच्या मागच्या बाजूला दुसरी तबकडी असते. पुढची झडप रेडिएटरची वाट उघडते त्याच वेळी मागची तबकडी बायपासची, म्हणजे रेडिएटर टाळून जाणारी, वाट बंद करते. थर्मोस्टॅट काढला की बायपास कायमचा उघडा. मग बरंचसं कूलंट रेडिएटरपर्यंत न जाता इंजिनातल्या इंजिनातच फिरतं, आणि भर उन्हात, चढावर, अशी गाडी तापते. मेकॅनिकला नम्रपणे सांगा की नवीनच घालायचा आहे.

प्रश्न : हाउसिंग बदलून आणल्यावर तापमानाचा काटा एकदम वर चढतो, मग झपकन खाली येतो. हीटरमधून कधी गरम, कधी गार हवा. नवीन थर्मोस्टॅट अडकतो आहे का?

उत्तर : हवा अडकली आहे. हाउसिंग हा बऱ्याच इंजिनांत कूलंटच्या वाटेतला सर्वांत उंच भाग असतो. हवा तिथेच जाऊन बसते. हवेच्या फुग्यात बसलेल्या थर्मोस्टॅटच्या मेणाला उष्णता नीट लागत नाही, तो उशिरा उघडतो, मग एकदम गार कूलंट येतं आणि काटा पडतो.

इंजिन गार असताना झाकण उघडा, हीटर पूर्ण गरमवर ठेवा, पंखा हळू. हाउसिंगवर किंवा होजवर हवा काढायचा छोटा स्क्रू असेल तर तो सैल करून, फेस नसलेली सलग धार येईपर्यंत हळूहळू भरा. स्क्रू नसेल तर गाडीचं नाक थोडं उंच करा. इंजिन सुरू करून आयडलवर ठेवा. बुडबुडे येतील, पातळी खाली जाईल, भरत राहा. पातळी स्थिर झाली की झाकण लावा आणि रेडिएटरचा पंखा सुरू होऊन बंद होईपर्यंत थांबा. शेवटी दोन्ही होजना हात लावा. वरचा गरम आणि खालचा अगदी गार असेल तर कूलंट अजून फिरत नाही. दुसऱ्या दिवशी गार इंजिनावर पातळी पुन्हा बघा, थोडी घटलेली असतेच. काही नव्या गाड्यांत इलेक्ट्रिक वॉटर पंप असतो आणि हवा काढायची पद्धत संगणकावरून चालते. तुमची तशी असेल तर ते गॅरेजवर सोपवा.

भरताना कूलंट रंगावरून निवडू नका. हिरवं, गुलाबी, निळं हे रंग कंपन्या आपापल्या मनाने घालतात. पुस्तकात जो प्रकार किंवा जे मानक लिहिलं आहे तेच घ्या, आणि सांद्र असेल तर डिस्टिल्ड पाण्यातच मिसळा.

प्रश्न : ॲल्युमिनियमच्या हाउसिंगच्या कडेला खड्डे पडले आहेत. नवीन मिळत नाही, गाडी जुनी आहे. वेल्डिंग चालेल?

उत्तर : चालेल, आणि ज्याची दुरुस्ती करण्यात अर्थ आहे असं हाउसिंग हेच. चांगला टिग वेल्डर शोधा. खड्डे आधी ग्राइंड करून चकचकीत धातूपर्यंत जायला सांगा. ओतीव ॲल्युमिनियमच्या छिद्रांत कूलंट मुरलेलं असतं, ते भाजून काढलं नाही तर वेल्डमध्ये बुडबुडे येतात. वेल्ड झाल्यावर कडा वाकते हे गृहीत धरा. जाड काचेवर पॉलिश पेपर चिकटवा, त्यावर हाउसिंग आठाच्या आकड्यात फिरवत घासा. आधी कडेवर मार्करने रेघा मारा. सगळ्या रेघा सारख्या पुसल्या गेल्या की सपाट झालं. खड्डे अगदी उथळ असतील तर वेल्डिंगही नको, हे घासणंच पुरेल. प्लास्टिकच्या हाउसिंगला मात्र यातलं काही लागू करू नका.

प्रश्न : काका, गाडी चालवताना बॉनेटमधून वाफ आली. काटा मात्र खाली होता, म्हणून मी तशीच थोडं अंतर घरापर्यंत आणली. हाउसिंग दुभंगलेलं निघालं. इंजिनला काही झालं असेल का?

उत्तर : ताई, काटा खाली होता याचं कारण सांगतो, कारण यात पुष्कळ इंजिनं जातात. तापमानाचा सेन्सर कूलंटचं तापमान मोजतो, धातूचं नाही. कित्येक गाड्यांत तो याच हाउसिंगमध्ये बसवलेला असतो. हाउसिंग दुभंगलं, कूलंट निघून गेलं, सेन्सर उघडा पडला. मग तो हवेचं तापमान सांगतो आणि काटा उतरतो. इंजिन तेव्हा सर्वांत जास्त तापलेलं असतं. वाफ दिसली, किंवा चढलेला काटा कारण नसताना एकदम पडला, किंवा हीटर अचानक गार झाला, तर बाजूला घेऊन इंजिन बंद करायचं. पाणी लगेच ओतायचं नाही. तापलेल्या ॲल्युमिनियमच्या हेडवर गार पाणी पडलं तर ते वाकतं किंवा तडकतं.

तुमच्या इंजिनचं काय झालं ते तपासूनच कळेल, घाबरू नका. आता इंजिन सुरू करू नका. आधी तेलाची कांडी काढून बघा. तेल दुधाळ दिसलं तर कूलंट आत गेलं आहे. तसं नसेल तर हाउसिंग आणि थर्मोस्टॅट बदलून घ्या, कूलंट भरा, यंत्रणेला दाब देऊन तो टिकतो का बघा. मग कम्प्रेशन टेस्ट आणि वर सांगितलेली निळ्या द्रवाची चाचणी करून घ्या. दोन्ही ठीक आल्या तर गाडी वापरायला लागा, पण पुढचे काही आठवडे रोज सकाळी कूलंटची पातळी बघा. बाहेर कुठेही ओल नसताना पातळी घटत राहिली, किंवा सुरू करताना सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर आला, तर हेड उतरवून सपाटी तपासावी लागेल. निकाल काय आला ते जरूर कळवा. पुढच्या अंकात हेड गॅस्केटच घेतो आहे.